किल्ली आहे, कुलूप नाही

जगातल्या प्रत्येक कुलपाला किल्ली असते, आणि ज्याच्या हातात किल्ली त्याला कुठलीही भिंत फार काळ अडवून धरू शकत नाही.

विश्रांतवाडीच्या स्वच्छंद सहकारी गृहरचना संस्थेचे सचिव बद्रीनाथ वैरागडे यांच्या हातात किल्ली होती. गेली अकरा वर्षं होती. अडचण एवढीच, की तिचं कुलूप तयार करणं जगाने वीस वर्षांपूर्वी बंद केलं होतं.

किल्ली म्हणजे बोटभर लांबीचा, करड्या प्लॅस्टिकचा एक ठोकळा. त्याच्या तोंडाला दोन ओळींत पंचवीस टाचण्या, प्रार्थनेला उभ्या केलेल्या शाळकरी पोरांसारख्या. पूर्वी कॉम्प्युटरच्या पाठीला प्रिंटर जोडायची पंचवीस भोकांची एक लांबट खाच असे. त्या खाचेत हा ठोकळा बसवला की 'सभासद-सखा' नावाचा प्रोग्रॅम उघडे. नाही बसवला तर पडद्यावर दोनच शब्द येत: 'आपण कोण?'

हा प्रश्न विचारणारा प्रोग्रॅम संस्थेचे संस्थापक-सचिव कै. श्रीनिवासराव गद्रे यांनी १९९९ साली स्वतः लिहिला होता. गद्रे इंजिनियर होते आणि त्यांचा माणसांवर विश्वास नव्हता; हे दोन्ही गुण प्रोग्रॅममध्ये पुरेपूर उतरले होते. स्थापनेपासूनच्या सगळ्या सभांची इतिवृत्तं त्यांनी त्यात टंकली आणि कागदी वह्या समारंभपूर्वक रद्दीत घातल्या. त्या समारंभाचा फोटो आजही जिन्यात आहे. फोटोत रद्दीवाल्याच्या गळ्यात हार आहे.

'सभासद-सखा'त एकदा लिहिलेलं खोडता येत नसे. "इतिवृत्त म्हणजे काही पाटी नव्हे," असं गद्रे म्हणत. शिवाय माणसं खुर्चीला चिकटतात हा त्यांचा जुना सल होता, म्हणून त्यांनी प्रोग्रॅमच्या पोटातच एक नियम गोवून ठेवला होता: एक व्यक्ती एकदाच सचिव. पद सोडलं की त्या नावावर ते पुन्हा चढायचं नाही. एवढी तजवीज करून गद्रे स्वतः अठरा वर्षं सचिव राहिले, कारण त्यांनी पद सोडलंच नाही.

२०१४ साली ते पदासकट गेले. तेराव्याला वैरागडे जेवायला गेले होते. निघताना दाराशी गद्रेकाकूंनी लाल दोऱ्यात ओवलेली ती किल्ली त्यांच्यापुढे धरली आणि म्हणाल्या, "यांची इच्छा होती, जबाबदार माणसाकडे जावी म्हणून." वैरागड्यांना ती प्रसादापैकी काहीतरी वस्तू वाटली. त्यांनी उजवा हात पुढे केला, घेतली आणि रीतीप्रमाणे कपाळाला लावली. मागे हात पुसत उभ्या असलेल्या सात-आठ सभासदांनी हे पाहिलं. सहकारात याला बिनविरोध निवड म्हणतात.

वैरागडे मूळचे वर्ध्याचे. नोकरीसाठी पुण्यात आले आणि एका सरकारी भांडारात चौतीस वर्षं स्टोअरकीपर होते. यादीत नाही ती वस्तू आत घ्यायची नाही आणि सहीशिवाय बाहेर सोडायची नाही, हे त्यांच्या रक्तात भिनलेलं. निवृत्त झाल्यावर वर्ध्याला दोन खोल्यांचं घर बांधून झालं होतं. अंगणात पेरूचं झाड होतं. त्याचे पेरू तीन वर्षं शेजारी खात होते, आणि फोन करून "गोड आहेत" असं कळवत होते.

पुण्यातल्या फ्लॅटला गिऱ्हाईकही लागलं होतं. संजय नावाचा अमरावतीचा एक कंपनीवाला. तो म्हणाला, पुढच्या महिनाअखेरपर्यंत सोसायटीचा ना-हरकत दाखला द्या, नाहीतर मी धानोरीत दुसरा फ्लॅट बघून ठेवलाय.

आता ना-हरकत दाखल्यावर सही सचिवाची.

"म्हणजे तुमच्या विक्रीला तुमचीच हरकत नाही, असं तुम्हीच लिहून देणार?" संस्थेचे अध्यक्ष ज्ञानदेव शितोळे यांनी विचारलं. ते निवृत्त मुख्याध्यापक होते, आणि समोरचा कोणीही असो, गृहपाठ विसरून आल्यासारखेच त्याच्याकडे बघत. "चालायचं नाही, वैरागडे. आधी नवा सचिव आणा. त्याला पदभार द्या. मग तो सही करेल. मग जा पेरू खायला."

"नवा सचिव कुठून आणू, साहेब? अकरा वर्षं विचारतोय सगळ्यांना."

"तो तुमचा प्रश्न. मी अध्यक्ष आहे."

घरी कौशल्याबाईंनी निम्मं स्वयंपाकघर खोक्यात भरून ठेवलं होतं. त्या म्हणाल्या, "काहो, तिकडं येरवड्याच्या जेलात तरी माणसाला सुटायची तारीख लिहून देतात म्हणे. तुमची कोण लिहून देईल जी?"

वैरागडे देवघराकडे बघत होते. किल्ली देवघरातच होती, बाळकृष्णाच्या डाव्या हाताला.

* * *

सचिव अचानक मिळाला, तोही पार्किंगमुळे. बी विंगमधल्या ऋतुजा मेश्रामच्या गाडीच्या जागेवर कोणीतरी सलग नऊ दिवस स्कूटर लावली. बत्तीस वर्षांची, आयटीतली, मूळ नागपूरची ऋतुजा दहाव्या दिवशी वैरागड्यांच्या दारात उभी राहिली.

"काका, मी होते सेक्रेटरी."

वैरागड्यांनी आधी तिला बसायला खुर्ची दिली, मग पाणी दिलं, मग कौशल्याबाईंना हाक मारून शिरा करायला सांगितलं.

"पण एक कंडिशन आहे," ती म्हणाली. "रेकॉर्ड कम्प्लीट पाहिजे. नाइंटी-सिक्सपासूनचं. उद्या कोणी म्हणालं, पार्किंगचा ठराव असा नव्हताच, तर मी दाखवू काय?"

शिरा खाताना वैरागड्यांनी तिला खरी गोष्ट सांगितली. रेकॉर्ड जिन्याखालच्या केबिनमधल्या जुन्या कॉम्प्युटरवर आहे. तो कॉम्प्युटर गेल्या वैशाखात एका दुपारी 'टप्' असा आवाज करून गेला. आतली डिस्क शाबूत आहे, असं बघायला आलेला मेकॅनिक म्हणाला होता. पण प्रोग्रॅम फक्त विंडोज अठ्ठ्याण्णववर चालतो आणि किल्ली लावल्याशिवाय उघडत नाही.

"एवढंच ना?" ऋतुजा हसली. "वीकेंडला करून टाकते."

शनिवारी तिने जुन्या डिस्कची नक्कल करून आपल्या लॅपटॉपच्या पोटात एक खोटा जुना कॉम्प्युटर तयार केला. किल्लीसाठी कन्व्हर्टरची वायर मागवली. रविवारी दुपारी प्रोग्रॅम सुरू केला. तो म्हणाला, 'आपण कोण?' तिने दुसरी वायर मागवली. 'आपण कोण?' तिसऱ्या वायरनंतर तिने लॅपटॉप मिटला.

"काका, खरीच खाच लागेल. खराच जुना बोर्ड. बिल्ड करावा लागेल अख्खा पीसी."

"करू," वैरागडे म्हणाले. "पण खरेदी आहे. तीन कोटेशनं लागतील."

"कशाची? ही वस्तू कोणी विकतच नाही."

"न विकणाऱ्या तिघांची," वैरागडे म्हणाले. त्यात त्यांना काही वावगं वाटलं नाही.

* * *

कॉम्प्युटरवाल्यांच्या तपकीर गल्लीतल्या पहिल्या दुकानात त्यांना काचेची एक पेटी दाखवण्यात आली. तिच्या आत सात रंगांचे दिवे फिरत होते.

"यात काहीही चालतं, सर."

"विंडोज अठ्ठ्याण्णव?"

"ते सोडून."

दुसऱ्या दुकानदाराने त्यांचं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं आणि शेजारच्या दुकानातून दोन माणसं बोलावून आणली. "काका, एकदा पुन्हा सांगा ना यांना," तो म्हणाला. वैरागड्यांनी सांगितलं. माणसं समाधानाने परत गेली.

तिसऱ्याने बोट वर केलं. वर लोखंडी जिना होता, त्यावर पोटमाळा, आणि पोटमाळ्यावर शंभू ढमढेरे. पंचावन्नचा, नाकावर भिंग, भोवती भिंतभर खिळ्यांना टांगलेले जुने हिरवे बोर्ड. खाटकाच्या दुकानात असावं तसं सगळं, फक्त माश्या नव्हत्या.

"काय पाहिजे?"

"विंडोज अठ्ठ्याण्णव चालेल असा कॉम्प्युटर. मागे पंचवीस भोकांची खाच असलेला."

"कशाला?"

"राजीनामा द्यायचाय."

शंभूने भिंग वर सरकवून पहिल्यांदाच त्यांच्याकडे नीट पाहिलं. "सोसायटी?"

"हो."

"बसा," तो म्हणाला, आणि स्वतःच्या बुडाखालचं स्टूल काढून दिलं.

त्याने एकेक बोर्ड खाली काढायला सुरुवात केली. वैरागड्यांनी, जन्मभर सरकारी माल पाहिलेल्या माणसाच्या उदारपणाने, सांगितलं, "मेमरी मात्र भरपूर घाला हो. नंतर कटकट नको."

"मुळीच नाही. भरपूर घातली तर हे सुरूच होत नाही. भांबावतं. पाचशे बारा एमबी, बास. त्याच्यावर एक दाणा नाही." त्याने एका बोर्डावर फुंकर मारली. "माणसाचंही तेच असतं. सगळं आठवायला लागला की संपला. पण माणसाला कोण सांगणार?"

कोटेशनांची अडचणही त्याने मिटवली. तीन कागद घेतले आणि तीन वेगळ्या पेनांनी लिहिले. "हे माझं. हे मेव्हण्याचं. हे आईच्या नावाने दुकान आहे त्याचं."

"ही दुकानं कुठे आहेत?"

"याच स्टुलावर. तुम्ही बसलाय."

वैरागड्यांनी मनाशी विचार केला. तीन कागद होते, तीन सह्या होत्या, तीन शिक्के होते. भांडारात याहून जास्त कधी कोणी मागितलं नव्हतं. समितीने सर्वांत कमी बोली म्हणून शंभूच्या मातोश्रींना काम दिलं.

यंत्र तयार व्हायला तीन आठवडे लागले. बोर्ड सदाशिव पेठेतल्या एका बंद पडलेल्या टायपिंग क्लासचा. डबा एका सायबर कॅफेचा. त्यावर 'एक तास दहा रुपये' ही पट्टी तशीच होती, निघेना. पडदा एका दातांच्या दवाखान्यातला, कडेला गुलाबी डाग असलेला. डिस्क स्वच्छंदची. महिना संपायला बारा दिवस उरले असताना शंभू हे सगळं रिक्षात मांडीवर घेऊन विश्रांतवाडीला आला, जिन्याखालच्या केबिनमध्ये जोडलं आणि हात पुढे केला. "किल्ली."

वैरागड्यांनी देवघरातून आणलेली किल्ली दिली. शंभूने ती बसवली. यंत्र घरघरलं, निळं झालं, काळं झालं आणि म्हणालं, 'आपण कोण?'

ऋतुजा म्हणाली, "शिट." कौशल्याबाई म्हणाल्या, "आता गं माय." बारा दिवस आणि पेरूचं झाड, एवढंच वैरागड्यांच्या डोळ्यांपुढे आलं.

शंभूने किल्ली काढली आणि भिंगाखाली धरली. बराच वेळ धरली.

"हे काय लावलंय याला?"

"कुठे काय?"

"हे लाल. आणि हे पिवळं. आणि हे..." त्याने चिमट्याने टाचण्यांच्या मधून काहीतरी ओढून तळहातावर ठेवलं. "हा तांदूळ आहे."

कौशल्याबाई, जराही न वरमता, म्हणाल्या, "दसऱ्याला पूजा करतो ना जी आपण. गाडीची, कुकरची, हिची. अवजार आहे ते."

"दर दसऱ्याला?"

"अकरा वर्षं झाली. एक चुकला नाही."

"पाणी शिंपडून?"

"पाण्याबिगर पूजा होते का?"

शंभूने टूथब्रश मागवला, स्पिरिट मागवलं आणि पाऊण तास बसून अकरा दसरे घासून काढले. त्याच्याखाली टाचण्या निघाल्या. पंचवीसच्या पंचवीस, चकचकीत. या वेळी यंत्राने प्रश्न विचारला नाही. पडद्यावर अक्षरं उमटली: 'सुस्वागतम्. आज दिनांक ४ जानेवारी १९८०.'

"उघडलं!" ऋतुजा ओरडली.

"तारीख चुकलीय," वैरागडे म्हणाले. स्टोअरकीपरची नजर.

"बोर्डावरचा सेल मेलाय," शंभू म्हणाला. "गोल, चपटा, आठ आण्याएवढा असतो. वीज गेली की हे तारीख विसरतं आणि पार ऐंशी सालात जाऊन बसतं. चालू केलं की आधी तारीख घालायची, मग बाकीचं. नाहीतर सेल बदला. माझ्याकडे आत्ता नाहीये, पण कुठंही मिळेल."

"तुमच्या कोटेशनात आहे का सेल?"

"नाही. राहिला."

"मग कसा घेता येईल?" वैरागडे खरोखर कोड्यात पडले. "यादीबाहेरची वस्तू आहे. दुरुस्तीचा ठराव, सात दिवसांची नोटीस, समितीची बैठक."

शंभूने त्यांच्याकडे पाहिलं. काहीतरी बोलायला तोंड उघडलं, मग त्याला राजीनामा आठवला असावा. त्याने सामान आवरलं. "चिठ्ठी तरी लावा," जाता जाता तो म्हणाला.

वैरागड्यांनी पांढऱ्या कागदावर लाल स्केचपेनने ठळक अक्षरांत लिहिलं: 'आधी तारीख.' आणि पडद्याच्या वरच्या कडेला चिकटवलं.

* * *

पुढचे दिवस वैरागड्यांनी जिन्याखाली काढले. यंत्र बंद पडता कामा नये. वॉचमनला दिसेल ते बटण बंद करायची सवय. म्हणून ते स्वतःच तिथे बसत. केबिन साडेपाच फुटी, उभं राहिलं की डोक्याला जिना लागे. खिडकीला गज होते. ऋतुजा ऑफिसातून येऊन तासभर पडद्याचे फोटो काढी, एका सभेमागून एक. बाकी वेळ वैरागडे आणि यंत्र. दुपारी कौशल्याबाई गजांतून डबा आत देत.

"बाहेर येऊन जेवा ना."

"कोणी प्लग काढला तर?"

"मी भेटायला येते तसं वाटून राहिलं," त्या म्हणाल्या आणि पोळीवर भाजी वाढली.

गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जायचीच. मधल्या काळातही ती दोनदा गेली. वैरागडे एकदाही चुकले नाहीत. यंत्र कुरकुरलं की एफ-वन दाबायचं, मग चिठ्ठीकडे बघायचं, मग तारीख घालायची. नेमकी वेळ हवी म्हणून ते गजांतून तोंड बाहेर काढून शेजारच्या गाळ्यातल्या रतनला विचारत. रतनचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान स्वच्छंदच्याच तळमजल्यावर, जिन्याला चिकटून.

"रतनशेठ, किती वाजले?"

"कुठल्या घड्याळात?"

"बरोबर असेल त्यात."

"तीन वाजून सोळा." रतन मान वर न करता सांगे. त्याने कधी विचारलं नाही, की हे गृहस्थ पुन्हा पुन्हा वेळ कशाला विचारतात. पुण्यात दुसऱ्याच्या कामात नाक खुपसत नाहीत. खुपसलंच तर चूक काढण्यासाठी, मदतीसाठी नाही.

सगळे फोटो निघाले. एकशे चौऱ्याऐंशी सभा. आता एकच काम उरलं. उपविधीप्रमाणे पदभाराची नोंद 'सभासद-सखा'तच व्हायला हवी होती, सर्वसाधारण सभेपुढे. नोटीस आधीच लागली होती. सभा रविवारी, महिन्याच्या एकोणतिसाव्या तारखेला. संजय तिसाला कागद न्यायला येणार होता.

* * *

रविवारी यंत्र पार्किंगमध्ये टेबलावर आणलं गेलं. वैरागड्यांनी सकाळी नऊ वाजता ते चालू केलं, आधी तारीख घातली, रतनचं दुकान रविवारी बंद म्हणून मोबाइलवरून वेळ घातली आणि पाठ टेकली. अकरा वर्षांत इतकी माणसं कुठल्या सभेला आली नव्हती. आपण आलो नाही तर आपल्यालाच सचिव करतील, ही भीती एरवी लोकांना सभेपासून दूर ठेवी. आज सचिव ठरलेला होता, म्हणून झाडून सगळे आले.

कार्यक्रम रीतसर झाला. कौशल्याबाईंनी यंत्राला हळद-कुंकू लावलं. या वेळी पुढून लावलं, मागून नाही. एका काकूंनी ऋतुजाचं औक्षण केलं. हार दोन आणले होते. एक वैरागड्यांच्या गळ्यात पडला. दुसरा ऋतुजाला घालायला गेले तर ती म्हणाली, "मला नको, प्लीज. ज्याने काम केलं त्याला घाला." लोक हसले, आणि झेंडूचा तो जाडजूड हार पडद्यावर चढवला गेला. चांगला वरून कडेपर्यंत लोंबला.

मग शितोळे बोलायला उभे राहिले. माईक लागेना. त्यांनी वायर हातात घेऊन तिचा मागोवा घेतला, टेबलाखाली वाकले आणि म्हणाले, "इथे एकच प्लग आहे. कोणीतरी अडवून ठेवलाय." त्यांनी तो काढला. माईक लागला.

बावीस मिनिटं ते सहकारावर बोलले. वैरागडे काळ्या पडद्याकडे बघत बसले होते. पण बावीस मिनिटांनी प्लग परत मिळाला, यंत्र कुरकुरलं, बोट सवयीने एफ-वनवर गेलं, आणि यंत्र उठलं. नंतर नजर सवयीने पडद्याच्या वरच्या कडेला गेली. तिथे झेंडू होता.

"चला, चला," शितोळे माईकवरून म्हणाले. "पेढे थांबलेत."

वैरागड्यांनी टंकलं. पदभार सोडणार: बद्रीनाथ वैरागडे. पदभार घेणार: ऋतुजा मेश्राम.

यंत्राने विचारलं, 'नक्की?'

'होय.'

'पुन्हा विचार करा.' हाही गद्र्यांचाच आवाज.

'होय,' वैरागड्यांनी दाबलं. दाबताना त्यांना पेरूच्या पानांचा वास आल्यासारखं झालं. टाळ्या पडल्या. पेढे फिरले. कौशल्याबाईंनी डोळ्यांना पदर लावला आणि शेजारणीला सांगितलं, की वर्ध्याला आलात तर उतरायला या.

ऋतुजाने शेवटचा फोटो काढायला मोबाइल वर धरला, आणि तो तसाच धरून राहिली.

"काका, आपली एन्ट्री सगळ्यात वर का गेली?"

तिने हार बाजूला सारला. 'आधी तारीख' ही अक्षरं दिसली आणि त्याखाली नोंदी, गद्र्यांनी लावून दिलेल्या क्रमाने, तारीखवार:

'४ जानेवारी १९८०. वैरागडे यांजकडून मेश्राम यांजकडे.'

'११ ऑगस्ट १९९६. गद्रे, संस्थापक-सचिव.'

'२६ जून २०१४. गद्रे यांजकडून वैरागडे यांजकडे.'

'विद्यमान सचिव: बद्रीनाथ वैरागडे.'

पेढ्यांचा डबा फिरायचा थांबला.

"परत टाका ना," कोणीतरी म्हणालं. "बरोबर तारखेने."

वैरागड्यांनी तारीख घातली. पुन्हा सगळं टंकलं. यंत्राने क्षणभर विचार केला आणि लिहिलं: 'श्रीमती मेश्राम यांनी हे पद यापूर्वी भूषविले आहे. संस्था त्यांची ऋणी आहे.'

"मॅडम, तुमचा जन्म कधीचा?" शितोळ्यांनी विचारलं.

"नाइंटी-थ्री."

"म्हणजे जन्माच्या तेरा वर्षं आधी." शितोळ्यांनी चष्मा पुसला. "आणि संस्था त्यानंतर सोळा वर्षांनी निघाली. तरीही नोंद आहे. नियम म्हणजे नियम."

"अहो सर, हा बग आहे!"

"इतिवृत्त आहे," शितोळे म्हणाले. "मेश्राम मॅडमच्या मागील सेवेबद्दल आभाराचा ठराव मांडतो. अनुमोदन?"

सात-आठ हात वर गेले. आभार मानायला सगळे मोकळे होते.

"ठीक आहे. आता दुसरं कोणी इच्छुक?"

पार्किंगमध्ये इतकी शांतता झाली, की आळंदी रोडवरची बस कुठल्या स्टॉपवर थांबली ते ऐकू आलं. एक जण गाडीखाली काही पडलंय का बघायला वाकला. दोघांना एकदम फोन आले. ऋतुजाने वैरागड्यांच्या खांद्यावर हात ठेवला. पाच मिनिटांत खुर्च्या रिकाम्या झाल्या. वैरागड्यांच्या गळ्यात हार तसाच होता. तो कशाबद्दल होता हे आता सांगता आलं नसतं.

तिसाला संजयचा फोन आला. धानोरीचा फ्लॅट बरा आहे, लिफ्ट नवीन आहे, काका राग मानू नका. वैरागडे म्हणाले, नाही, राग कसला.

कौशल्याबाई खोक्यांच्या मधोमध उभ्या होत्या. म्हणाल्या, "कुकर बाहेर काढू का जी?"

"काढ," वैरागडे म्हणाले.

ते खाली उतरले. यंत्र वॉचमनने पुन्हा केबिनमध्ये ठेवलं होतं आणि बटण बंद केलं होतं. शेजारच्या गाळ्यात रतन भिंग लावून बसला होता. त्याच्यासमोर काउंटरवर काचेची एक बरणी होती, आणि बरणीत गोल, चपटे, आठ आण्याएवढे सेल होते.